जुनंच राहू दे

"नको," कॉम्प्युटर म्हणाला.

"काय नको?" मी विचारलं. माझ्या एका हातात नव्या विंडोजची सीडी होती आणि दुसऱ्यात खोक्यातून नुकताच काढलेला कॅमेरा. "मामा, अजून मी काही केलंसुद्धा नाही."

मामाचा डावा गाल किंचित फुगला. स्क्रीनवर बाराखडीच्या ओळी एकेक करून उजळत होत्या, त्यातली एक थांबली. मग त्या ओळीतली अक्षरं उजळायला लागली. गाल पुन्हा फुगला. 'जु' उमटलं.

"जुनंच राहू दे म्हणत्यात," कलामामी स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. हाताला पीठ तसंच होतं.

मामानं डोळे मिटून उघडले. म्हणजे हो.

"बघ. मी फोनवर म्हणलं नव्हतं? त्यास्नी तुझं नवं यंत्र नको हाय."

त्या घरात हे असंच चालायचं. मामानं एकदोन अक्षरं टाकायची आणि पुढचं वाक्य मामीनं पुरं करायचं. 'पा' आलं की पाठ खाजवायची, 'पं' आलं की पंखा. एक अख्खं वाक्य टाकायचं तर मामाला इतका वेळ लागे की तोवर तव्यावरची भाकरी करपून कोळसा व्हावी. मामीचा अंदाज सहसा बरोबर यायचा. तिला त्याचा अभिमानही होता. "माझं आन् त्यांचं मन एकच," असं ती आल्यागेल्याला सांगायची. अंदाज चुकला तर मामा डोळे मिटायचा नाही, मग मामी दुसरं काही सुचवायची, तिसरं सुचवायची, आणि कधीतरी डोळे मिटलेच जायचे.

माझा हा तम्माण्णा मामा तासगावात बेदाण्याचे सौदे पुकारायचा. अडत्याच्या दुकानात तो ओट्यावर चढला की बाहेर रस्त्यावर चहा पिणारे लोक कप घेऊन आत यायचे, नुसतं ऐकायला. भाव चढवता चढवता तो एका व्यापाऱ्याच्या चपलेवर बोलायचा, दुसऱ्याच्या सासऱ्यावर, तिसऱ्याच्या नव्या मोटरसायकलीवर, आणि चिडलेला माणूस पुढची बोली लावून मोकळा व्हायचा. मी लहानपणी सुट्टीत त्याच्या मागे मागे फिरायचो आणि घरी आलो की आईपुढे तसं बोलून दाखवायचो. असा माणूस, आणि देवानं त्याची जीभच आधी उचलली. बोलणं जड झालं, दारू प्यायल्यासारखं वाटायला लागलं. लोक हसले. मग बोटं लुळी पडली. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की याला औषध नाही. एकेक स्नायू जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत लखलखीत राहील. हे दुसरं ऐकून मला पहिल्यापेक्षा जास्त रडू आलं होतं.

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. सगळं अंग गेल्यावर डाव्या गालात थोडी ताकद उरली होती. त्या गालाला टेकेल असं एक बटण बसवलं आणि मी त्याच्यासाठी हा प्रोग्रॅम लिहिला. आवाज एका कंपनीकडून घेतला होता, रेडिओवर बातम्या देणाऱ्या गृहस्थासारखा. मामानं त्यावर बोललेलं पहिलं वाक्य होतं, "हा कुठला पाव्हणा घरात घेतलास?" हसून हसून मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर त्यानं हट्टानं शिव्यांचा एक वेगळा कप्पा करून घेतला. एकदा गाल फुगवला की अख्खी शिवी. बातम्या देणाऱ्या आवाजात "अरे गाढवाच्या" ऐकायला शेजारची पोरं खिडकीशी जमायची.

आणि आता तो गालही चालला होता. गेल्या दिवाळीत एकदा गाल फुगवून होणाऱ्या कामाला तीनतीनदा गाल फुगवावा लागत होता. डॉक्टर म्हणाले होते, डोळे राहतील. म्हणून मी पुण्यातून डोळ्यांवर चालणारा कॅमेरा आणला. ज्या अक्षराकडे बघाल ते अक्षर उमटतं. ऑफिसच्या मशीनवर मी तो आठवडाभर चालवून बघितला होता. अडचण एकच. कॅमेऱ्याला नवी विंडोज लागत होती आणि माझा प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय चालत नव्हता. त्यातून तो आवाज देणारी कंपनी कधीच बंद पडलेली. आवाजाचं कुलूप त्याच मशीनवर उघडलेलं होतं; एकदा पुसलं की पुन्हा उघडून द्यायला कुणी शिल्लक नाही. नवी विंडोज मारली आणि कॅमेरा मामाला जमला नाही, तर मागे फिरायची वाट नव्हती.

म्हणून मी फोनवर दोन महिने विचारत होतो, आणि मामी दर वेळी सांगत होती, "जुनंच राहू दे म्हणत्यात." शेवटी मी म्हटलं, समोर बसून समजावतो. मामाला भीती वाटत असणार. हातातलं जाईल आणि नवं येणार नाही, ही भीती कुणाला नसते?

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मामा, ऐक. तुला काय जाईल असं वाटतंय ते सांग. एकेकाचा निकाल लावू."

गाल फुगला. दोनदा ओळ निसटली, तिसऱ्यांदा सापडली. 'आ'.

"आवाज," मामी म्हणाली. "आवाज जाईल म्हणत्यात."

डोळे मिटले.

"जाईल, खरंय. पण नव्या विंडोजवर दुसरे आवाज आहेत. बाप्याचा आहे, बाईचा आहे. तूच म्हणतोस ना, हा पाव्हणा तासगावचा नाही म्हणून? जाऊ दे त्याला त्याच्या गावाला."

'श'.

"शब्द," मामी म्हणाली. "त्यांनी साठवल्यात ते."

"ते सगळे मी काढून घेतलेत. नव्यात टाकून देतो. शिव्यांसकट."

"शिव्या ऱ्हाऊ देत हितंच," मामी म्हणाली आणि हसली. मामाला ओठांनी हसता येत नव्हतं, पण या वेळी डोळेही हसले नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण मी माझ्याच तंद्रीत होतो. माझ्याकडे हुकमाचं पान होतं.

"बरं, तेही राहू दे," मी म्हणालो. "ह्या मशीनला मी हात लावत नाही. जसं आहे तसं. हा माझा लॅपटॉप. स्वतःचा आहे, ऑफिसचा नाही. यावर नवी विंडोज आहे, कॅमेरा याला जोडतो आणि इथं ठेवून जातो. गाल चालतोय तोवर हे वापर, दमलास की ते वापर. काही पुसायचं नाही, काही जायचं नाही. आता बोल."

"आता गं बया!" मामी एकदम खुलली. "आसं व्हय? मग दोन महिने कशाला घोळ घातला रं संगू? दोन्ही ठेवू की. ह्या स्टुलावर एक, त्या टेबलावर एक. अवो, ऐकलं का? काय सुदिक जात न्हाई!"

ती पदराला हात पुसत आत आली आणि मामाच्या कपाळावरचा घाम टिपला. पलीकडची खोली तिनं आधीच रिकामी करून घेतली होती. मामाचा श्वासही कमी होत चालला होता. रात्री नाकावर मास्क लागायचा. पुढे गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल आणि ती श्वासाच्या मशीनला जोडावी लागेल, असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते. "करायचं का नाही ते तुम्ही ठरवा," असंही म्हणाले होते. मामीनं तिथल्या तिथं सांगितलं, "त्यात काय ठरवायचं? माणूस बोलतंय माझं. बोलतंय तवर घरात हाय." ती घरी आली आणि तिनं त्या खोलीत इन्व्हर्टर बसवून घेतला. मला हे तिनं कौतुकानं दाखवलं होतं, आणि मी तिचं कौतुक केलं होतं.

"नको," कॉम्प्युटर म्हणाला. 'नको' या अख्ख्या शब्दाला स्क्रीनवर वेगळा चौकोन होता, तो लवकर यायचा.

"आता का नको?" माझा आवाज चढला.

"जागा पुरायची न्हाई म्हणत आसतील," मामी म्हणाली.

मामानं डोळे मिटले नाहीत.

"मग लाईट बिल?"

नाही.

"पोराचं मशीन कशाला अडकवून ठेवायचं म्हणताय व्हय?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले, आणि उघडले ते माझ्याकडे बघत उघडले.

"बघ," मामी गहिवरली. "तुझी काळजी करत्यात. ह्यात सुदिक तुझी काळजी."

मी त्या डोळ्यांकडे बघत होतो. सौद्यात समोरचा व्यापारी खोटा भाव सांगतोय हे कळल्यावर मामा असाच बघायचा, काही न बोलता. तिनं आत्ता जे सांगितलं ते त्याचं नव्हतं. आणि मग असंही मनात आलं की दोन महिने फोनवर ऐकलेलं तरी त्याचं होतं का?

"मामी," मी म्हणालो, "आता तू बोलायचं नाही."

"म्हंजी?"

"त्याला पुरं टाकू दे. मधे एक अक्षर सांगायचं नाहीस."

"अरं, तरास हुतोय त्यास्नी! दोन अक्षरांत काम हुतंय तर..."

"होऊ दे त्रास."

मी तिच्याशी असा कधी बोललो नव्हतो. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे. मामाचे डोळे मिटून उघडले. तिला ते लागलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाशी धरला.

मामानं सुरुवात केली. ओळी उजळत होत्या, जात होत्या. गाल फुगायचा पण बटणापर्यंत पोचायचा नाही, आणि हवी ती ओळ निघून जायची. मग ती फिरून येईपर्यंत थांबायचं. एक अक्षर चुकीचं आलं, ते खोडायला चार फेऱ्या गेल्या. उन्हाळ्याचे दिवस होते, पत्रा तापलेला. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला की मी पुसायचो. मामी दोनदा पुढे झुकली. 'ग' नंतर 'ळ' आल्यावर तिचे ओठ हलले, तेव्हा मी हात वर केला आणि ती परत मागे टेकली. आत भात लागल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

'गळ्याला भोक नको.'

मामीनं पदर तोंडातच घातला. मला वाटलं मामा इथं थांबेल. तो थांबला नाही. त्याचं तोंड उघडं पडलं होतं, धाप लागल्यासारखं, आणि तरी तो गाल फुगवत होता. मी म्हणालो, "मामा, राहू दे, कळलं." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. माझा प्रोग्रॅम इतका संथ का आहे, मी तो अधिक चांगला का नाही लिहिला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. अक्षरं येत राहिली. 'बोलत राहिलो तर' इथपर्यंत आल्यावर मला पुढचं सगळं दिसलं, आणि मला ते वाचायचं नव्हतं. पण त्या स्क्रीनवरून नजर हटेना.

'बोलत राहिलो तर पाडाल.'

मग त्यानं आवाजाचं बटण निवडलं, आणि तो बातम्यांचा पाव्हणा स्वच्छ, खणखणीत बोलला: "गळ्याला भोक नको. बोलत राहिलो तर पाडाल."

मामी उठली. तिनं स्क्रीनकडे असं बघितलं, जसं कुणी परकं माणूस न विचारता घरात शिरलंय.

"हे मशीन बोललं," ती म्हणाली. "हे न्हाई बोलले."

"मामी..."

"मला विचार. एवढी वरसं मी यांचं बोलणं वळखती. हे आसं बोलायचेच न्हाईत. तू त्यात काय काय घातलंयस तुलाच ठावं." आणि मग मामाकडे वळून, अगदी हळू, "अवो, मी दमली न्हाई हो. मी कुणाला म्हणलं का दमली म्हणून? माझं काय चुकलं आसंल तर सांगा की. दोन अक्षरं टाका. मी वळखती."

मामानं काही टाकलं नाही. त्याची नजर मात्र तिच्यावरून हलली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

मी मामाच्या कानाशी वाकलो. "गाल थांबला की सगळं थांबवायचं? म्हणून कॅमेरा नको?"

डोळे मिटून उघडले.

"आणि तिनं ऐकलं नाही तर?"

ह्याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं. मग गाल फुगला, दोनदा फुकट गेला, तिसऱ्यांदा लागला. शिव्यांच्या कप्प्यातून आवाज आला, "अरे गाढवाच्या." आणि मग दोन अक्षरं, 'जे' आणि 'व'. जेव. मी रडायला लागलो. त्या दोन अक्षरांत कुणी पुरं करावं असं काहीच उरलं नव्हतं.

मी कॅमेरा खोक्यात भरला. सीडी आणि लॅपटॉप पिशवीत टाकला. लागलेला भात मामीनं वाढला आणि आम्ही तो खाल्ला.

पावसाळा सरता सरता गाल थांबला. बटण तसंच गालाला टेकलेलं, पण दाबायला काही नाही. मामी फोनवर सांगायची, "समजतंय मला समदं. डोळ्यात बघितलं की समजतंय." आणि त्यानंतर लगेचच एका सकाळी फोन आला. मामाचा श्वास अडकला होता, बेशुद्ध होता, मिरजेला नेलं होतं. डॉक्टर विचारत होते.

"काय सांगितलंस?" मी विचारलं. मी पुण्यात बसस्टँडवर पळत होतो.

"हो म्हणलं."

"मामी, त्यानं आपल्याला सांगितलं होतं गं."

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "त्यास्नी बोलता येत न्हाई, संगू. कुणी सांगितलं?"

मी पोचलो तेव्हा मामाच्या गळ्यात नळी होती आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती. शुद्धीवर आला तेव्हा त्यानं आधी छताकडे बघितलं, मग मामीकडे, मग मला शोधलं. मी डॉक्टरांना बाहेर गाठून सगळं सांगितलं. ते बिचारे भले होते. म्हणाले, "घालायच्या आधी सांगितलं असतंत तर. आता काढणं माझ्या हातात नाही."

तो त्या रिकाम्या केलेल्या खोलीत पडून राहिला. मामीनं त्याला इतकं जपलं की पाठीला एक जखम होऊ दिली नाही. नर्स लोक येऊन बघून जायचे. ती त्याला विचारायची, पाणी? पंखा? कुशीवर वळायचंय? जे विचारलं त्याला तो डोळे मिटून हो म्हणायचा. एकच प्रश्न ती विचारायची नाही, आणि तिच्यासमोर मीही कधी विचारला नाही. विचारून करणार काय होतो?

तिसऱ्या वर्षी तिचाच फोन आला. "संगू, ते डोळ्याचं यंत्र अजून हाय का रं? नवी विंडोज काय आसंल ती घेऊन ये. घर खायला उठतंय. मला त्यांचं बोलणं ऐकायचंय. काय बी बोलू देत. मला शिव्या देऊ देत."

मी गेलो. लॅपटॉप मामाच्या तोंडासमोर स्टँडवर लावला, कॅमेरा जोडला. आधी तो डोळ्यांची ओळख करून घेतो: स्क्रीनवर ठिपका येतो, त्याकडे बघायचं, ठिपका सरकतो, पुन्हा बघायचं. मी मामाला सांगितलं. मामी पलीकडून उशी नीट करत होती, आणि तिनं केस विंचरून कपाळाला मोठं कुंकू लावलं होतं. एवढ्या वर्षांत ती मला पहिल्यांदा तरुण दिसली.

ठिपका उमटला. मामानं तो बघितला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

"हं, आता उघडा," मामी म्हणाली.

त्यानं उघडले नाहीत. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं की डोळे सापडत नाहीत. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. ठिपका आला, वाट बघून गेला. मामाच्या पापण्या घट्ट होत्या, आतून ओढून धरल्यासारख्या. त्याच्या अख्ख्या अंगात तेवढीच ताकद उरली होती.

श्वासाचं मशीन चालू होतं. मामीनं हात लांब करून लॅपटॉप मिटला, हळू, आवाज न करता, आणि त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

"नका बोलू," ती त्याला म्हणाली. "न बोलताच ठिवून घेतलं की तुमास्नी मी."